लुगडं नेसून चढलेला डोंगर

परवा तुमचं पाकीट आलं. धाकटीने सहा फोटो पाठवलेत. पहिल्या फोटोत ती प्राणिसंग्रहालयात जिराफासमोर उभी आहे आणि शेवटच्यात कुठल्याशा डोंगराच्या माथ्यावर, पाठीला स्वतःपेक्षा मोठी पिशवी बांधून. फोटोच्या मागे तिने लिहिलंय, "आजी, तुझ्या काळी तुला असलं काही करता आलं नसेल ना?"

मी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग कपाटाच्या वरच्या खणातून माझा एक जुना फोटो काढला आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. करता आलं होतं, बाळ. प्राणिसंग्रहालयही आणि डोंगरही, त्याच क्रमाने.

मला गोष्ट मधूनच सांगता येत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते. हे तुमच्या आईने मोठ्याने वाचून दाखवावं. एका ठिकाणी ती थांबेल. तिला थांबू द्या.

तुमच्या आजोबांचं गाव मेडशीपासून बैलगाडीने तासाभरावर. घरची शेती, कापूस, ज्वारी आणि तूर. मी अकोल्यात वाढलेली, बी. ए. झालेली, लग्न होऊन तिथे आले आणि मेडशीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. सकाळी दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी काही चुकले की त्या मला "मास्तरीणबाई" म्हणायच्या, आणि मी काही चांगलं केलं तरी "मास्तरीणबाई"च म्हणायच्या. कुठली कोणती, हे आवाजावरून ओळखायचं.

आत्याबाईंचा एक नियम फार कडक होता. आंघोळ केल्याशिवाय देवघराला शिवायचं नाही. वऱ्हाडात आंघोळीला आंग धुणं म्हणतात. तुमच्या आजोबांनी एकदा पारोशानेच देवघरातली काडेपेटी उचलली, तर त्यांना भर सकाळी पुन्हा विहिरीवर पाठवलं होतं. "एवढा मोठा घोडा झाला, पन आंग धुतल्याबिगर देवाले शिवू नाही हे कळत नाही!" घोडा गुपचूप गेला. तुमची आई तेव्हा दोन वर्षांची होती आणि हे सगळं डोळे मोठे करून बघत होती.

त्याच सुमारास मला विलायतेत शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा होता. मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की नकाराचं पत्र लिहायचं. लेक जेमतेम अडीच वर्षांची. तुमच्या आजोबांनी ती बातमी जेवताना आपल्या आईच्या कानावर घातली. आत्याबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "मंग जाय ना. कायले थांबून राह्यली?"

"आणि हिचं?" मी म्हटलं.

"नऊ महिने तू पोटात ठेवली. आता नऊ महिने मी पदरात ठेवतो."

जाण्यायेण्याच्या बोटीचे दिवस धरले तर हिशेब अकरा महिन्यांवर जात होता. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. मला जायचं होतं, हे आज तुमच्याजवळ कबूल करते.

निघताना त्यांनी दुधात भिजवलेल्या दशम्या दिल्या, डबाभर सातूचं पीठ दिलं आणि ट्रंकेच्या तळाशी स्वतःचं एक हिरवं नऊवारी लुगडं घातलं. मी पाचवारी नेसणारी, म्हटलं, मी हे कधी नेसणार? तर म्हणाल्या, "नेसू नोको. थंडी वाजली त पांघर." तुमची आई त्यांच्या कडेवर होती. मी दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत होती, कारण तिला वाटलं मी शाळेत चालले आहे.

तिकडचं सगळं सांगत बसत नाही. थंडी होती, उकडलेले बटाटे होते, आणि चांगल्या शिक्षिका होत्या. माझी एक मैत्रीण झाली, आयर्लंडमधल्या शेतकऱ्याची मुलगी, उंच, लाल केसांची आणि तोंडाने फटकळ. मी कपाटातल्या वस्तूंची यादी कपाटाच्या दाराला आतून लावते, हे पाहून ती हसून हसून पलंगावर पडली होती.

दर आठवड्याला तुमच्या आजोबांचं पत्र यायचं. सुरुवातीच्या पत्रांत असायचं, ती रोज संध्याकाळी दमणीची वाट बघते, रडते, मग आत्याबाई तिला अंगणात फिरवतात. वाचून माझा जीव तुटायचा. मार्चमध्ये एक पत्र आलं. त्यात कापसाचा भाव होता, गाय व्याल्याचं होतं आणि एक ओळ होती: "काळजी करू नकोस, ती आता तुझं नाव काढून रडत नाही."

त्यांनी ते माझ्या समाधानासाठी लिहिलं होतं. मी ते पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि त्यानंतर कुठेही गेले तरी ते माझ्याबरोबर आलं. रडणारं मूल आपल्याला धरून असतं. रडायचं थांबलेलं मूल कुठे गेलं, हे सहा हजार मैलांवरून कसं कळणार?

ईस्टरच्या सुट्टीत मैत्रीण म्हणाली, चल, स्कॉटलंडला जाऊ, डोंगर चढू. मी म्हटलं, मी वऱ्हाडातली, आमच्याकडे सपाट काळी जमीन. ती म्हणाली, "म्हणूनच चल." कुणाकडून तरी तिने माझ्यासाठी पाठीवरची पिशवी मागून आणली. जाड किंतानाची, आत लोखंडी सांगाडा असलेली. मी ती दोन तास भरली. तिने दहा मिनिटांत सगळी उपसली.

"हे काय आहे?"

"तांब्या."

"कशाला?"

"लागतो," मी म्हटलं. तिने पुढे विचारलं नाही, ही तिची माणुसकी. लुगड्यावरही तिची नजर गेली. ते पांघरायला आहे असं सांगितलं. त्यालाही तिने हरकत घेतली नाही.

वाटेत एका शहरात गाडी बदलायची होती आणि मध्ये पूर्ण दिवस मोकळा होता. तिथलं प्राणिसंग्रहालय बघायचं मीच सुचवलं. मनात होतं की तुमच्या आईला पत्रात लिहायला काहीतरी मिळेल. तोवरची माझी पत्रं फार शहाणी झाली होती, त्यात इमारती असायच्या.

तिथे मी पहिल्यांदा पेंग्विन पाहिले. आत्याबाईंच्या भजनी मंडळातल्या बाया पंगतीला निघाल्यासारखे एकामागे एक डुलत चालत होते. पांढरं अस्वल होतं. सिंह होता, तो आमच्याकडे पाठ करून झोपला. आणि शेवटी एक हत्तीण होती. मुलांना पाठीवर घेऊन ती एका वर्तुळात फिरायची. पाटीवर लिहिलं होतं, हिंदुस्थानातून आणलेली.

मुलांची रांग संपली तशी मी कठड्यापाशी गेले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हटलं, "काय वं बाई, कशी हायेस?" मी घरात शुद्ध मराठी बोलायची, आत्याबाईंची भाषा माझ्या तोंडून कधी यायची नाही. पण तिथे तीच आली.

हत्तीणीने सोंड पुढे करून माझ्या हाताचा वास घेतला. त्यात पाव नव्हता, म्हणून सोंड परत घेतली.

तिचा राखणदार म्हातारा होता. तो म्हणाला, "तिला कळायचं नाही, मॅडम. आली तेव्हा तिच्याकडच्या भाषेतले चार-पाच शब्द ओळखायची. म्हटलं की कान हलवायची. आता सगळं विसरली. आता आमचीच झाली ती."

तो हे प्रेमाने सांगत होता. त्याने तिच्या पायावर थोपटलं आणि ती त्याच्याकडे झुकली. मी पर्स घट्ट धरली.

"किती दिवसांत विसरली?" मी विचारलं.

"एवढं कोण लक्षात ठेवतं? पहिला हिवाळा गेला आणि नंतर मान वळवेनाशी झाली."

मैत्रिणीने माझं तोंड पाहिलं आणि मला चहाच्या टपरीवर नेऊन बसवलं. मी तिला ते पत्र वाचून दाखवलं, ती एक ओळ भाषांतर करून. तिने समजावलं वगैरे काही नाही. म्हणाली, "आमच्याकडे कोकरू आईपासून दूर केलं की तीन दिवस ओरडतं. मग गप्प होतं. माझा बाप म्हणायचा, ते विसरलेलं नसतं, त्याचा घसा बसलेला असतो." आणि तिने माझा केक पण खाल्ला.

निघताना मी त्या हत्तीणीचं चित्र असलेलं एक कार्ड विकत घेतलं. मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ही बघ हत्तीण. ही आपल्याकडची आहे. आई लवकर येते." आणि तिथेच पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. तिथे तरुण प्रवाशांसाठी स्वस्तातलं वसतिगृह होतं. रात्री झोपायला मिळायचं, पण सकाळी निघण्याआधी प्रत्येकाने काहीतरी काम करून जायचं, असा नियम. मला जिना झाडायला दिला. मी तो वरून खाली असा झाडला की तिथल्या बाईने मला विचारलं, आणखी एक दिवस राहता का?

पाऊस पडून गेला होता. मी पाचवारीवर बूट घालून निघाले आणि पहिल्या अर्ध्या तासात तीनदा पडले. साडी भिजून पायात यायची, काटेरी झुडपात अडकायची. मैत्रीण म्हणाली, माझी जादाची पँट घाल. ती माझ्या काखेपर्यंत आली असती. मग मला लुगडं आठवलं. एका मोठ्या खडकाआड जाऊन मी आयुष्यात पहिल्यांदा नऊवारी नेसले. कासोटा कसा घालायचा ते मी रोज सकाळी आत्याबाईंना बघत आले होते, पण हाताला माहीत नव्हतं. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला, आणि एकदम पाय मोकळे झाले. आमच्याकडच्या बाया चिखलात दिवसभर वाकून निंदण का करू शकतात, ते मला त्या खडकाआड कळलं.

मैत्रिणीने मला वरून खाली पाहिलं. "हे आधी का नाही नेसलीस?"

"हे सासूचं आहे."

"मग सासूला सांग, मला पण एक पाठव."

डोंगर फार मोठा नव्हता, पण मला तो संपेल असं वाटेना. एक माथा आला की त्याच्यामागे दुसरा उभा. टाचेला फोड आला. दुपारी धुकं उतरलं आणि मी एका दगडावर बसून म्हटलं, तू जा, मी इथेच थांबते. तेव्हा मला आत्याबाईंचं एक बोलणं आठवलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हौसेने बायांबरोबर निंदायला गेले होते आणि सारखी मान वर करून शेताचा धुरा, म्हणजे बांध, किती लांब आहे ते बघत होते. आत्याबाई शेजारच्या ओळीतून म्हणाल्या होत्या, "धुऱ्याकडे काहून पाह्यतं? हाताखाली पाह्य. धुरा कुठी पळून नाही जाऊन राह्यला."

मी उठले. पुढे फक्त बुटांच्या टोकांकडे पाहिलं. ओले दगड, गवत, मेंढ्यांच्या लेंड्या, पुन्हा दगड. असं किती वेळ गेला माहीत नाही. एकदम मैत्रिणीच्या पायांवर आदळले. ती थांबली होती, कारण पुढे डोंगर नव्हता.

माथ्यावर चढून आलेल्यांनी एकेक दगड ठेवून रचलेला ढीग होता. मीही एक ठेवला. मग तांब्यात झऱ्याचं पाणी घेऊन त्यात सातूचं पीठ आणि साखर कालवली. मैत्रिणीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, भिंतीला कागद चिकटवायची खळ अशीच लागत असेल. पण संपवलं. धुकं विरलं तेव्हा खाली दोन सरोवरं दिसली, आणि फार लांब उन्हाचा एक पट्टा. मला फार आनंद झाला. लेकीची आठवण आली आणि तरीही आनंद राहिला, हे मला तेव्हा चमत्कारिक वाटलं होतं.

मैत्रिणीजवळ कॅमेरा होता. त्या दगडांच्या ढिगावर मला उभं करून तिने फोटो काढला. कासोटा घातलेलं लुगडं, पदर खोचलेला, हातात काठी, पाठीमागे ढग.

तो फोटो मे महिन्यात मी घरी पाठवला. लिहिलं, "तिला दाखवा. सांगा, ही आई."

पोळ्याच्या आठ दिवस आधी मी परतले. अकोल्याहून मोटारीने मेडशीपर्यंत, आणि पुढे दमणीने. तुमचे आजोबा न्यायला आले होते. ते काय काय सांगत होते, मी एकच विचारत होते, "ती मला ओळखेल?" ते म्हणाले, "रोज तुझ्यासमोर हात जोडते." मला वाटलं, थट्टा करतात.

दमणी दारात थांबली. ओटीवर आत्याबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या लुगड्याला धरून साडेतीन वर्षांची तुमची आई. वेण्या घातलेल्या. जाताना तिचे केस वेणीएवढे नव्हते. मी चिखलातून तशीच पुढे गेले आणि खाली बसून हात पसरले.

तिने माझ्याकडे पाहिलं. दोन पावलं पुढे आली. हात जोडले, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली. मी जवळ घ्यायला हात पुढे केला, तशी ती झटक्याने मागे सरली. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि आत पळाली.

आत्याबाई म्हणाल्या, "लाजून राह्यली." पण मी लाजणं ओळखत होते, ते लाजणं नव्हतं. संध्याकाळभर ती माझ्यापासून हातभर अंतर ठेवून होती. मी आणलेली बाहुली तिने आजीच्या हातून घेतली. जेवताना माझ्यासमोर बसली, माझ्यावरून डोळे काढले नाहीत, आणि मी घास पुढे केला तर मान हलवून "नोको" म्हणाली. मला ती हत्तीण दिसत होती. माझ्या हाताचा वास घेऊन सोंड परत नेणारी.

आत्याबाईंनी मला वाढता वाढता पाहिलं. "मास्तरीणबाई, जेव. अकरा महिने लोकायचे बटाटे खाल्ले."

म्हणजे हिशेब त्यांनाही माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशिरा उठले. अंगणात चुलीवर पाणी तापत होतं आणि न्हाणीतून तुमच्या आईचा आवाज येत होता, "आजी, लवकर. लवकर टाक पानी." मी ओटीवर चहा घेऊन बसले. थोड्या वेळाने ती बाहेर आली. केसांतून पाणी गळत होतं, झगा उलटा घातलेला, आणि हातात झेंडूचं एक फूल. सरळ माझ्यासमोर आली. फूल माझ्या पायावर ठेवलं. मग मागे वळून आजीला विचारलं,

"आजी, म्या आंग धुतलं. आता शिवू?"

मला काही कळेना. आत्याबाईंना मात्र लगेच कळलं. त्या न्हाणीच्या दारातच मटकन बसल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "माह्या देवा! मीनंच केलं हे."

मग त्या उठल्या, देवघरात गेल्या आणि तो फोटो घेऊन आल्या. डोंगरावरचा. माझ्या कपाळावर कुंकवाचा एवढा मोठा ठिपका, पायाशी हळद. झालं होतं असं की माझं हत्तीणीचं कार्ड आलं, तेव्हा त्यांनी ते नातीच्या हातात दिलं होतं. ती ते घेऊन जेवायची, झोपायची, हत्तीणीला भाकरी भरवायची. महिन्याभरात त्याचा लगदा झाला. तो लगदाही ती सोडेना. मग माझा फोटो आला. आत्याबाई म्हणाल्या, "मले वाटलं, ह्याचं बी तसंच करीन. घरात एकच जागा होती जिथं हे पोट्टी हात लावत नाही. म्हून ठेवला देवापाशी. ठेवला त मंग कुंकू बी लावलं. रोज आंग धुतलं की दोघी जनी पाया पडो."

फोटोत अंगावर माझंच लुगडं, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांचं. हातात काठी, उंच दगडावर उभी, मागे ढग. त्यांनाही ते रूप देवीसारखंच वाटलं असावं. नातीने तर ते पूर्ण खरं मानलं होतं. काल संध्याकाळी देवघरातली आई दमणीतून उतरून दारात आली, आणि ही दिवसभर मातीत खेळलेली. ती कशी शिवणार होती?

तुमची आई अजून उभीच होती. ओले हात पाठीमागे धरून, उत्तराची वाट बघत.

"शिव, बाप्पा, शिव," आत्याबाई म्हणाल्या. "थे देव नाही. माय हाये तुही."

तिने आधी एक बोट लावलं, माझ्या गुडघ्याला. मग पूर्ण पंजा. मग माझा चहा सांडला.

तो फोटो त्या दिवसापासून देवघरात परत गेला नाही. कुंकवाचा डाग निघाला नाही, मी काढायचा प्रयत्नही केला नाही. तुमची आई म्हणते, तिला ह्यातलं काही आठवत नाही. नसेल आठवत. मी आहे ना त्यासाठी.

फोटो ह्याच पाकिटात घालते आहे, धाकटीसाठी. काच लावून भिंतीवर टांगू नका. हातात घ्या, खेळा, खाताना पण बघा, आणि त्याआधी आंघोळ केली नसली तरी चालेल.